संघ हरला, दोष कोणाचा?

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात झालेल्या वादविवादातील, प्रस्तावाच्या विरोधात केलेलं भाषण)



चाळीस वर्षांनी याच सभागृहात वादविवादाला उभा आहे. तेव्हा आपले विषय ठरलेले असायचे. 'विज्ञान शाप की वरदान', 'शहर बरं की खेडं'. कोणीही जिंकलं तरी विज्ञानाचं काही बिघडत नसे आणि खेडंही होतं तिथेच राहायचं. आजचं तसं नाही. आजचा प्रस्ताव आहे, 'शाळेचा हॉकी संघ सुधारायचा असेल तर आधी प्रशिक्षक बदलावा.' आणि संध्याकाळच्या सभेत आपल्या माजी विद्यार्थी संघाचा क्रीडानिधी याच अटीवर द्यायचा की नाही, ते ठरणार आहे. म्हणजे आपण बोलून टाळ्या घेणार, चहा पिणार आणि घरी जाणार. पण एका माणसाचं काम राहील किंवा जाईल. तेव्हा जरा जपून बोलू या.

माझ्या आधी बोललेला माझा बेंचमित्र प्रस्तावाच्या बाजूने उत्तम बोलला. त्याचा मुद्दा मी आधी नीट मांडतो, कारण तो हलका नाही. तो म्हणतो, सलग तीन वर्षं आपली मुलं जिल्हास्तरावर पहिल्याच फेरीत बाद झाली. पैसे आपल्या खिशातले जाणार आहेत, तेव्हा हिशेब मागण्याचा आपल्याला हक्क आहे. आणि खासगी कंपनीत सलग तीन वर्षं निकाल न देणाऱ्या माणसाला कोणी चौथं वर्ष देत नाही. यातलं हिशेब मागण्याचं मला शंभर टक्के मान्य आहे. फक्त हिशेब कोणाकोणाकडे मागायचा, एवढाच आपला मतभेद आहे.

कंपनीचा विषय त्यानेच काढला म्हणून सांगतो. अंबडच्या कारखान्यात माझी तीस वर्षं गुणवत्ता विभागात गेली. जॉब रिजेक्ट झाला की पहिली ओरड ऑपरेटरच्या नावाने होते, कारण तो समोर उभा असतो. पण आमचा शिरस्ता असा होता, की आधी तिन्ही शिफ्टचं रिजेक्शन पाहायचं. एकाच शिफ्टला माल खराब निघत असेल तर त्या ऑपरेटरकडे जायचं. तिन्ही शिफ्टला, तीन वेगवेगळ्या माणसांच्या हातून, तोच माल तसाच खराब निघत असेल, तर माणसांना सोडायचं आणि मशीन, फिक्स्चर, कच्चा माल बघायचा. हीच कसोटी मी आज हॉकीला लावणार आहे. आणि त्यासाठी आपल्याकडे आयतं उदाहरण आहे, खुद्द भारतीय संघाचं.

तारीख आठवा. ९ मार्च २००८, चिलीची राजधानी सँटियागो. बीजिंग ऑलिम्पिकच्या पात्रता स्पर्धेचा अंतिम सामना, भारत विरुद्ध ग्रेट ब्रिटन. या स्पर्धेतून फक्त विजेताच बीजिंगला जाणार होता. सुरुवातीलाच आपल्यावर दोन गोल झाले आणि ते शेवटपर्यंत फिटले नाहीत. ०-२. १९२८ पासून ऐंशी वर्षं भारताचा हॉकी संघ नाही असं ऑलिम्पिक झालं नव्हतं, ते त्या दिवशी ठरलं. आठ सुवर्णपदकं मिळवलेला देश दारातूनच परत फिरला.

प्रशिक्षक होते जोकिम कार्व्हालो. मुंबईचे, आपल्या महाराष्ट्रातले. आपण दहावी झालो त्या १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये ते भारताकडून खेळले होते. पराभवानंतर त्यांनी राजीनामा दिला. गल्लीपासून संसदेपर्यंत चर्चा झाली आणि बहुतेकांच्या बोलण्यात पहिलं नाव त्यांचंच होतं.

आता थोडं मागे जाऊ. याच कार्व्हालोंच्या संघाने सहाच महिने आधी, सप्टेंबर २००७ मध्ये, चेन्नईला आशिया चषक जिंकला होता. अंतिम सामन्यात कोरियाला ७-२ असं हरवलं. संपूर्ण स्पर्धेत ५७ गोल केले. त्याच महिन्यात क्रिकेटचा संघ ट्वेन्टी-२० विश्वचषक जिंकून आला, त्यांच्यावर बक्षिसांचा पाऊस पडला, आणि हॉकीच्या संघातले खेळाडू आणि प्रशिक्षक आम्हालाही कोणी विचारा म्हणून उपोषणाची भाषा करत होते. तेव्हा कार्व्हालो चांगले प्रशिक्षक होते. मार्चमध्ये वाईट झाले. सहा महिन्यांत माणसाची विद्या इतकी बदलते का?

माझा मित्र म्हणेल, घरच्या मैदानावर आशियात जिंकणं वेगळं आणि बाहेर युरोपच्या संघाला हरवणं वेगळं. बरोबर आहे. मीही तेच म्हणतोय. सँटियागोला साखळी सामन्यातही ब्रिटनने आपल्याला हरवलं होतं. पण मग दुसरा प्रश्न विचारा. मुळात भारत सँटियागोला गेलाच का? ऑलिम्पिकचा थेट दरवाजा आशियाई खेळांतून उघडत होता. डिसेंबर २००६ मध्ये दोह्याला तो बंद झाला. आपण उपांत्य फेरीही गाठली नाही, पाचवे आलो. आशियाई खेळांत हॉकीचं पदक नाही, असं पहिल्यांदाच घडलं. तेव्हा संघ कार्व्हालोंकडे नव्हता. तो वासुदेवन भास्करन यांच्याकडे होता. हे कोण? १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार! म्हणजे ज्ञान कमी होतं, अनुभव कमी होता, असं म्हणायलाही जागा नाही. त्याच वर्षी विश्वचषकात बारा संघांत आपण अकरावे होतो.

आता तिन्ही शिफ्टचं रिजेक्शन समोर ठेवतो. तिन्ही कसलं, चारही.

२००२ चा विश्वचषक, क्वालालंपूर. प्रशिक्षक सेड्रिक डिसूझा, तेही मुंबईचेच. सुरुवातीचे सामने बिघडले आणि स्पर्धा चालू असतानाच त्यांना काढलं. भारत दहावा.

२००४, अथेन्स ऑलिम्पिक. राजिंदर सिंग यांनी २००१ मध्ये ज्युनियर विश्वचषक जिंकून दिलेला, २००३ मध्ये आशिया चषक जिंकून दिलेला. त्यांना ऑलिम्पिकच्या तोंडावर बाजूला केलं आणि जर्मनीहून गेरहार्ड राख यांना आणलं. भारत सातवा.

२००६, विश्वचषक. प्रशिक्षक भास्करन. भारत अकरावा.

२००८. प्रशिक्षक कार्व्हालो. भारत ऑलिम्पिकलाच नाही.

चार मोठ्या परीक्षा, चार वेगळे प्रशिक्षक. त्यांत मुंबईकर आहेत, तमिळ आहेत, एक जर्मन आहे. निकाल एकाच पट्टीतला. प्रशिक्षक हाच दोष असता, तर या चार बदलांत एकदा तरी फरक दिसायला हवा होता. आमच्या कारखान्यात असा तक्ता कोणी टेबलावर ठेवला असता, तर साहेबांनी एवढंच विचारलं असतं, 'मशीन कोणी तपासलं का?'

ते तपासायची वेळ हरल्यावरच येते असंही नाही. १९९८ साली बँकॉकला धनराज पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली आपण आशियाई सुवर्ण जिंकलं, तब्बल बत्तीस वर्षांनी. धनराज म्हणजे खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिकवर खेळायला शिकलेला मुलगा. प्रशिक्षक होते महाराज किशन कौशिक. घरी आल्यावर काय झालं? धनराजसह काही खेळाडूंना वगळलं आणि कौशिकही गेले. तेव्हा 'निकाल दिला नाही म्हणून काढलं' हे कारणसुद्धा दर वेळी खरं नसतं.

मग मशीन म्हणजे काय? एक, मैदान. १९७६ साली माँट्रियलला ऑलिम्पिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर झाली आणि १९२८ नंतर पहिल्यांदाच भारत पदकाशिवाय परतला, सातवा आला. मातीवर चेंडू उसळतो, म्हणून आपला खेळाडू तो थांबवून, सांभाळून, मग पुढे न्यायला शिकतो. टर्फवर पाणी मारलेलं असतं, चेंडू सरळ आणि सुसाट जातो, तिथे एका स्पर्शात पुढचा पास द्यावा लागतो. युरोपातली मुलं लहानपणापासून त्यावर खेळतात. आपली बहुतेक मुलं आधी मातीवर घडायची आणि मोठी झाल्यावर टर्फ पाहायची. हातात बसलेली सवय राष्ट्रीय शिबिरातला कुठला प्रशिक्षक काही महिन्यांत मोडणार?

दोन, कारभार. सँटियागोनंतर महिना-दीड महिन्यातच हॉकी महासंघाच्या सचिवांवर संघनिवडीसाठी पैसे घेतल्याचा आरोप एका वृत्तवाहिनीने छुप्या कॅमेऱ्यातून केला. त्यांनी राजीनामा दिला आणि एप्रिल २००८ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटनेने महासंघच निलंबित केला. के. पी. एस. गिल १९९४ पासून अध्यक्ष होते. या चौदा वर्षांत प्रशिक्षक किती बदलले ते आत्ता ऐकलंत. बाकीचं सगळं जागच्या जागी होतं.

मी असं म्हणत नाही, की कारभारी बदलले आणि सगळं सुतासारखं सरळ झालं. २०१२ साली लंडनला भारत ऑलिम्पिकला गेला आणि बारा संघांत बारावा आला, एकही सामना न जिंकता. दुरुस्तीला वेळ लागतो. पण त्यानंतर खालून गोष्टी बदलत गेल्या. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली आणि आपली पोरं जगातल्या नामवंत खेळाडूंच्या बरोबरीने, रोज, खेळू लागली. २०१६ मध्ये लखनौला हरेंद्र सिंग यांच्या संघाने ज्युनियर विश्वचषक जिंकला. २०१८ पासून ओडिशा सरकारने संघाचं प्रायोजकत्व घेतलं, त्यामुळे पैशाची ओढाताण संपली. २००१ ला जिंकलेल्या ज्युनियर मुलांचं पुढे काय झालं ते आपण पाहिलं. अथेन्सच्या तोंडावर त्यांचा गुरूच काढून घेतला. २०१६ ला जिंकलेल्यांतली हरमनप्रीत, मनदीप, सिमरनजीत ही मुलं मात्र टोकियोत एकत्र उभी होती.

आणि टोकियो म्हणजे माझ्या बाजूचा सगळ्यात मोठा साक्षीदार. जुलै २०२१. भारत ऑस्ट्रेलियाकडून १-७ असा हरला. सात गोल! जुने दिवस असते, तर रात्रीच प्रशिक्षकाची बॅग भरली गेली असती; २००२ मध्ये याहून कमी कारणावरून भरली होती. ग्रॅहम रीड यांना कोणी हात लावला नाही. संघ पुढचे सामने जिंकत गेला आणि ५ ऑगस्टला जर्मनीविरुद्ध १-३ असा मागे असताना ५-४ असा जिंकून ४१ वर्षांनी पदक घेऊन आला. त्यातले दोन गोल सिमरनजीतचे.

त्याच टोकियोत आपल्या मुली चौथ्या आल्या, आजवरची त्यांची सर्वोत्तम कामगिरी. त्यांचे प्रशिक्षक शोर्ड मरीन्ये. हेच गृहस्थ २०१८ मध्ये पुरुष संघाचे प्रशिक्षक होते. राष्ट्रकुल स्पर्धेत पदक हुकलं म्हणून त्यांना तिथून हलवून मुलींकडे परत पाठवलं होतं. एकाच वर्गात नापास ठरवलेला मास्तर दुसऱ्या वर्गात सगळ्यांचा लाडका. बाई, तुम्ही हसताय, पण हे तुमच्या नोकरीत तुम्ही कितीदा पाहिलं असेल! निकाल चांगला लागला की मुलं हुशार, वाईट लागला की शिक्षक वाईट.

आता माझ्या मित्राच्या मनात एक प्रश्न असणार, तो मीच विचारतो. मग प्रशिक्षकाचं काही नसतंच का? पुरुष संघाने २०२३ च्या विश्वचषकात घरच्या मैदानावर न्यूझीलंडकडून मार खाल्ला, रीड गेले, क्रेग फुल्टन आले आणि २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा कांस्य मिळालं. म्हणजे बदल उपयोगी पडला की! पडला. उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनी जवळपास पाऊण सामना ग्रेट ब्रिटनला रोखून धरलं आणि शूटआउटमध्ये हरवलं. त्या बचावात नव्या प्रशिक्षकाची शिकवण होती, हे मान्यच करायला हवं. पण फुल्टनना काय मिळालं ते बघा. टर्फवर वाढलेली मुलं, बारा महिने चालणारं शिबिर, वर्षानुवर्षं एकत्र खेळलेला गाभा, पैशाची काळजी नाही. बाकी मशीन ठीक असेल तेव्हाच ऑपरेटर बदलून फरक कळतो.

प्रशिक्षक किती मोठा असतो, हे नाशिककरांना बाहेरच्या कोणी सांगायची गरज नाही. सावरपाड्याची कविता राऊत अनवाणी धावत होती. तिला नाशिकला विजेंद्र सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक मिळाले आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक आणलं. पण ती गोष्ट वर्षानुवर्षांच्या सरावाची आहे. दर हंगामाला तिचा गुरू बदलला असता, तर सावरपाडा एक्स्प्रेस स्टेशनातच उभी राहिली असती.

तर सँटियागोचा माझा निवाडा असा. त्या दिवशी सुरुवातीलाच झालेले दोन गोल, कोणाला खेळवलं, कसं उतरवलं, याचा जाब कार्व्हालोंना विचारायलाच हवा होता, आणि राजीनामा देऊन त्यांनी तो दिलाही. पण त्या सामन्याच्या मागे जी दहा-बारा वर्षं होती, त्यांचा जाब त्यांच्याकडून घेणं अन्यायाचं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे ते सोयीचं होतं. एक माणूस गेला की बाकीच्यांना वाटतं, चला, काहीतरी केलं.

आता आपल्या शाळेकडे येतो. गेल्या महिन्यात मी चार दिवस सकाळी मैदानावर जाऊन बसलो. सव्वासहाला, नाशिकची थंडी अंगावर घेत. काय दिसलं ते सांगतो. मैदान मुरमाचं, एका कोपऱ्यात दसऱ्यापर्यंत पाणी साचतं, तिथली जमीन अजून खडबडीत आहे. सराव जेमतेम पाऊण तास, कारण सातला शाळेची घंटा. गोलकीपर दोन, पॅडचा संच एक. नववी संपली की मुलं शिकवणीला जातात, त्यामुळे दर जूनमध्ये संघ जवळजवळ नवा. आणि आपण हरलो त्या सामन्यांपैकी दोन टर्फवर होते. आपल्या मुलांपैकी निम्म्यांनी त्या दिवशी टर्फवर आयुष्यातलं पहिलं पाऊल ठेवलं होतं. प्रशिक्षक अर्धवेळ आहेत, मानधनावर. तरी चारही दिवस ते मुलांच्या आधी मैदानावर होते आणि दगड वेचत होते.

यातलं प्रशिक्षकाच्या हातात काय आहे? सरावाची आखणी, मुलांची निवड, शिस्त, मुलांशी वागणं. त्याचा हिशेब त्यांच्याकडे जरूर मागा. मला विचाराल तर पेनल्टी कॉर्नरचा सराव फार कमी होतो, हे मी त्यांना तिथेच सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं. पण मैदान, पॅड, वेळ, टर्फ, शिकवणी, यातलं काहीही नव्या प्रशिक्षकाच्या नेमणूकपत्राबरोबर येणार नाही. नवा माणूस येईल, हाच मुरूम तुडवील आणि दोन वर्षांनी आपण याच सभागृहात हाच प्रस्ताव पुन्हा घेऊ.

म्हणून संध्याकाळच्या सभेसाठी माझी सूचना लिहून आणली आहे. निधी द्यावा, तीन वर्षांसाठी, प्रशिक्षक बदलण्याची अट न घालता. पहिल्या वर्षी मैदानाची दुरुस्ती आणि गोलकीपरचा दुसरा संच. दर हंगामात स्पर्धेआधी मुलांना किमान सहा वेळा टर्फवर नेण्याचा प्रवासखर्च. नववी-दहावीच्या पालकांशी आपल्यापैकी काहींनी बसून बोलायचं. आपल्यात तीन डॉक्टर आणि दोन प्राध्यापक आहेत, पालक त्यांचं ऐकतील. प्रशिक्षकांना तीन वर्षांचा करार आणि वेळेवर मानधन. आणि दरवर्षी त्यांच्याकडून लेखी अहवाल: किती सराव झाले, किती मुलं टिकली, काय सुधारलं, काय नाही. तीन वर्षांनी हे सगळं देऊनही संघ तिथेच असेल, तर प्रशिक्षक बदलण्याचा प्रस्ताव मी स्वतः मांडीन आणि माझा बेंचमित्र त्याला अनुमोदन देईल.

पहिल्या रांगेतल्या सरांनी घंटा वाजवायच्या आत थांबतो. चाळीस वर्षांत त्यांच्या हातातली घंटा काही बदललेली नाही.